मदत हवी आहे : जीएसटी नोंदणी नसताना कंपनीला बिल कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. आजवर काम ओळखीच्या प्रकाशकांचं. लेटरहेडवर रक्कम लिहून दिली की पैसे मिळायचे. आता पुण्याच्या एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचं काम केलं. साठ हजार ठरले होते. त्यांच्या अकाउंट्सचा मेल आलाय : ‘टॅक्स इनव्हॉइस’ पाठवा, त्यावर जीएसटी नंबर हवा, पेमेंट ९० दिवसांनी.

माझी वर्षाची उलाढाल सात-आठ लाख. नोंदणी नाही. एकांनी सुचवलं की नोंदणी नसली तरी १८ टक्के लावून टाका, पण ते मला पटत नाही. शिवाय ते १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापणार, मग बिल साठचं करायचं की चोपन्नचं? सगळ्यात जड जातात ते ९० दिवस. हाताखाली काम करणाऱ्या दोघींचे पैसे मी अडकवून ठेवू शकत नाही. कंपनीला काय लिहू?

प्रतिसाद

ताई, १८ टक्के अजिबात लावू नका. नोंदणी नसलेल्याने जीएसटी गोळा करणं कायद्याने मना आहे. महाराष्ट्रात नुसत्या सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. त्यामुळे ‘टॅक्स इनव्हॉइस’ हे शब्द टाळा, वर फक्त ‘बिल’ लिहा आणि खाली एक ओळ : ‘जीएसटी कायद्याखाली नोंदणी नाही, म्हणून कर आकारलेला नाही.’ बाकी तुमचं नाव-पत्ता, पॅन, त्यांचं नाव-पत्ता, बिल क्रमांक, तारीख, कामाचं नेमकं वर्णन, अक्षरी रक्कम, बँक खातं, आयएफएससी, सही. वर्णनात नुसतं ‘डीटीपी’ नको, अहवालाचं वर्ष आणि पानं लिहा. अकाउंट्सवाले तिथेच बिल अडवतात.

बिल पूर्ण साठ हजारांचंच. सहा हजार टीडीएस ते कापतील, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. फॉर्म २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद) दिसतोय ना ते बघा आणि रिटर्न भरताना वळता करून घ्या. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के कापतात.

आता ९० दिवसांचं. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) केली आहे का? सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होते, फुकट आहे; पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० लिहिले तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ पासून अशा उशिराच्या बिलाचा खर्च कंपनीला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. माझ्या मते व्याजापेक्षा याच मुद्द्यावर अकाउंट्सवाले लवकर हलतात.

उद्यम नोंदणी कामाच्या आधीची असली तरच हा हक्क भक्कम. या कामाला ती नसेल तर विनंतीच करावी लागेल, पण पुढच्या कामाआधी करूनच घ्या. दिवस मोजले जातात ते काम स्वीकारल्यापासून, म्हणून ‘अंतिम फाइल मिळाली, मंजूर’ असा त्यांचा मेल जपून ठेवा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार! उद्यम नोंदणी नाही, आजच करते. मंजुरीचा मेल आहे. या कामासाठी ३० दिवसांची विनंती करून बघते. बिल क्रमांक दर एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू केला तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल. क्रमांकात आर्थिक वर्ष घाला, २०२५-२६/००१ असं, आणि मधला आकडा गाळू नका. बिल रद्द झालं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, ‘रद्द’ लिहून फाइलला ठेवा.