डिस्क इमेजच्या कोडमध्ये उघडा गुणाकार चालू द्यावा का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

एकोणीस वर्षं पुण्यात स्टोरेजचंच काम करतोय, आधी सेनापती बापट रस्त्यावर, आता हिंजवडीत. गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये ज्या विषयावर कडाक्याचं वाजलं तो इथे मांडतो. माझं म्हणणं असं: डिस्क इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये, वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या कोडमध्ये ऑफसेट (सुरुवातीपासून किती बाइट पुढे ते) आणि आकार यांचे हिशेब साध्या गुणाकाराच्या नि बेरजेच्या चिन्हांनी करायला बंदीच असावी. प्रत्येक हिशेब ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत न मावणं, तपासणाऱ्या फंक्शनमधून जावा. रिव्ह्यूमध्ये उघडा गुणाकार दिसला की पॅच परत.

एवढं टोकाचं का, ते सांगतो. आधीच्या एका कंपनीत आम्ही व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपचं सॉफ्टवेअर लिहायचो. एका पतसंस्थेचा सर्व्हर गेला, त्यांनी रिस्टोअर केलं. आधी पूर्ण बॅकअप, त्यावर रोजच्या रोज बदललेले ब्लॉक. लॉगमध्ये एकही एरर नाही, पडताळणी पास, आणि मशीन बूट होईना. इमेज हेक्समध्ये, म्हणजे बाइटागणिक, उघडली. पहिल्या सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ एए ही बूटची खूण असते. ती गायब होती आणि त्या सेक्टरभर खातेदारांची नावं आणि रकमा होत्या.

चूक एका ओळीची होती. ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांचा, ब्लॉकचा आकार ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट, तोही ३२ बिटांचा. उत्तर ठेवायला मात्र ६४ बिटांचं व्हेरिएबल. वाचणाऱ्याला वाटतं, डावीकडे ६४ बिट दिसतायत, मग काळजी कसली? पण सी भाषेत गुणाकार आधी ३२ बिटांतच होतो आणि वरचे बिट कापलेलं उत्तर मग मोठ्या व्हेरिएबलमध्ये जातं. ६५,५३६ गुणिले ६५,५३६ म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, आणि ३२ बिटांत त्याचं होतं शून्य. ४ जीबीच्या पलीकडचा पहिला ब्लॉक थेट डिस्कच्या तोंडाशी लिहिला गेला. पडताळणी काय करत होती? ब्लॉक लिहिला की लगेच तोच परत वाचायचा, त्याच फंक्शनने, म्हणजे त्याच चुकीच्या जागेवरून. ती जुळणारच होती.

दुरुस्त बिल्ड हातात द्यायला आम्हाला तीन दिवस लागले. तोवर शाखेतल्या बाईंनी रोजकीर्द हाताने लिहिली. त्यांचा फोन मी घेतला होता. तो आवाज अजून कानात आहे.

कोथरूडकर

मुळाकाठ, प्रसंग वाईटच आहे, पण औषध रोगापेक्षा जालीम वाटतंय. तुमच्या गोष्टीतला दोष ३२ बिटांचा आहे. सगळे ऑफसेट, सगळे क्रमांक पहिल्यापासून ६४ बिटांचे ठेवा, विषय संपला. ६४ बिटांत १६ एक्झाबाइट मावतात, एवढी डिस्क कोणाकडे आहे?

आणि वाचनीयतेचं काय? आज एका ओळीत दिसणारं सूत्र तुमच्या पद्धतीने आठ ओळींचं होईल. आठ ओळींत भलत्याच फील्डने गुणलंय हे रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून निसटेल. मी पंधरा वर्षं रिव्ह्यू करतोय. लांबलेल्या कोडमध्ये चुका लपतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

चिंचवडी

कोथरूडकर, तुम्ही डिस्क किती मोठी आहे हे बघताय. इमेजच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, काय लिहिलंय ते बघा. क्लाउडवर इमेज अपलोड करणारा कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. हेडरमधला ६४ बिटांचा ऑफसेट तो हवा तो भरू शकतो, जवळजवळ सगळे बिट एक असलेलासुद्धा. मग 'ऑफसेट अधिक लांबी फाइलच्या आकारापेक्षा मोठी आहे का' ही तपासणीच फसते, कारण बेरीज गुंडाळून लहान होते आणि तपासणी म्हणते, ठीक आहे, जा आत. ती उलटी लिहावी लागते: आधी ऑफसेट आकाराच्या आत आहे ना ते बघा, मग लांबीची तुलना आकार वजा ऑफसेटशी करा.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. २०१४ मध्ये क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, डिस्क इमेज वाचणाऱ्या ब्लॉक ड्रायव्हरांमध्ये अशा त्रुटींची रांगच जाहीर झाली. हेडरमधल्या आकड्यावरून टेबलचा आकार काढताना ओव्हरफ्लो, मग गरजेपेक्षा लहान मेमरी, मग तिच्या बाहेर लिखाण. असं झालं की मुद्दाम तयार केलेली एक फाइल उघडली एवढ्यानेच होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं खरं मशीन, धोक्यात.

साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही धरणाऱ्या, पूर्णांकांचं तर आणखी अवघड आहे. आधी बेरीज करून 'उत्तर लहान झालं का' असं नंतर बघितलं, तर कंपायलर ती तपासणीच काढून टाकू शकतो, कारण साइन्ड ओव्हरफ्लो होणारच नाही असं धरायची मुभा त्याला सी प्रमाणकाने दिली आहे. तपासायचं ते आधी. जीसीसी या कंपायलरच्या ५व्या आवृत्तीपासून त्यासाठी अंगभूत फंक्शनं आहेत आणि सी प्रमाणकाच्या सी२३ आवृत्तीत तर त्यांची वेगळी हेडर फाइल (सी कोडमधली, इमेजची नव्हे) आली आहे.

तळजाई

चिंचवडींचं सगळं मान्य. पण त्यातून मुळाकाठांची बंदी निघत नाही, उलट गेट निघतं. सोसायटीच्या गेटवर नीट चौकशी होत असेल तर प्रत्येक खोलीच्या दाराशी पुन्हा ओळखपत्र मागायला लागत नाही. हेडर वाचतानाच मर्यादा घाला, आतला हिशेब मग साधा राहू दे.

क्यूकाऊ२ या क्यूईएमयूच्या इमेज फॉरमॅटचं उदाहरण घ्या, कागदावर मांडता येतं. क्यूईएमयू क्लस्टर, म्हणजे इमेजचा एक तुकडा, २ एमबीपेक्षा मोठा घेत नाही, म्हणजे २ चा २१वा घात. क्लस्टरांचे पत्ते ठेवणाऱ्या एका एल२ टेबलला एक क्लस्टर, नोंद ८ बाइटची, म्हणजे नोंदी २ चा १८वा घात. एल२ टेबलांचे पत्ते ठेवणारं एल१ टेबल ३२ एमबीपर्यंतच, म्हणजे त्यात नोंदी २ चा २२वा घात. आता घातांची बेरीज करा: २१ अधिक १८ अधिक २२, झाले ६१. साइन्ड ६४ बिटांत ६३ व्या घाताच्या खालचं सगळं मावतं. गेटवर तीन तपासण्या ठेवल्या की आतल्या पत्त्यांचा गुणाकार ६४ बिटांत ओव्हरफ्लो होऊच शकत नाही. हे सिद्ध आहे. याउपर प्रत्येक ओळीला तपासणी लावायची म्हणजे आपल्याला आपला हिशेब कळलेला नाही अशी कबुली द्यायची. मला ते पटत नाही.

मुळाकाठ

तळजाई, मांडणी सुरेख आहे, मनापासून सांगतो. पण माझी पतसंस्था तुमच्या गेटवर अडली असती का? नाही. तिचं हेडर निर्दोष होतं. ब्लॉक क्रमांक ६५,५३६ खरा होता, ४० जीबीच्या डिस्कमध्ये तो असणारच. चूक आतल्या खोलीत होती, आपल्याच माणसाच्या हातून, आणि तुमची ६१ ची बेरीज 'मधला प्रत्येक आकडा ६४ बिटांचा आहे' या गृहीतावर उभी आहे. एकाने मध्ये इंट, म्हणजे ३२ बिटांचा प्रकार, लिहिलं की संपलं. विंडोजवर लाँग हा प्रकारसुद्धा ३२ बिटांचाच असतो. लिनक्सवर सगळ्या टेस्ट पास होणारा कोड तिकडे कापला जातो.

शिवाय ही सिद्धता राहते कुठे? तुमच्या डोक्यात. तीन वर्षांनी कोणीतरी ३२ एमबीची मर्यादा वाढवेल. त्याला कोण सांगणार?

वेग कमी होईल असं आमच्या टीममध्येही एकाने म्हटलं. गुणाकारानंतर एक फ्लॅग बघून उडी मारायची की नाही, एवढंच काम आहे, नॅनोसेकंदाच्याही आतलं. एनव्हीएमईसारख्या वेगवान डिस्कवरून एक वाचन व्हायला दहा-वीस मायक्रोसेकंद तरी जातात.

तळजाई

मर्यादा जिथे लिहिली आहे तिथेच तिच्याखाली कंपाइलच्या वेळी तपासलं जाणारं विधान लिहायचं: या तिघांचा गुणाकार ६३ व्या घाताच्या आत आहे. सी११ पासून ती सोय आहे. कोणी मर्यादा वाढवली की बिल्डच थांबेल. सिद्धता डोक्यात राहत नाही, कोडमध्ये राहते. मधल्या इंटचा मुद्दा मात्र मान्य. तो माझ्या पद्धतीने पकडला जात नाही.

शनिवारातली

तपासणी फसली की पुढे काय, हे कोणीच बोललं नाही, आणि स्टोरेजमध्ये खरं नुकसान तिथेच होतं. समजा नवा क्लस्टर घेतला, त्याचा रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा, वाढवून डिस्कवर लिहिला, आणि मग एल२ नोंदीचा ऑफसेट काढताना तुमचं फंक्शन म्हणालं, ओव्हरफ्लो. एरर परत गेली, पण अर्धा मेटाडेटा लिहून झालाय. आता हा क्लस्टर कोणाच्याच मालकीचा नाही. क्रम उलटा असता, नोंद आधी आणि काउंट नंतर, तर त्याहून वाईट: वापरात असलेला क्लस्टर मोकळा समजला जाऊन दुसऱ्याच डेटाला दिला जाईल.

म्हणून माझी अट वेगळी आहे. आधी सगळे ऑफसेट काढून घ्यायचे, एकही बाइट न लिहिता. सगळे नीट निघाले तरच लिहायला हात लावायचा. मुळाकाठ, तुमचा नियम हे न सांगता लागू केला तर टीम जागोजागी तपासण्या पेरेल आणि अर्धवट लिखाणाच्या नव्या वाटा उघडतील.

मुळाकाठ

हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. पटलं. आमच्या कोडमध्ये हिशेब आणि लिखाण एकाच फंक्शनमध्ये गुंतलेत, ते आधी सोडवावं लागेल.

दुसरं_वर्ष

सर, मी पुण्यातच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रस्ट भाषेत हे सगळं आपोआप सुटत नाही का?

चिंचवडी

अर्धं सुटतं, बाळा. ३२ बिटांचा गुणाकार ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये गुपचूप जात नाही, कंपायलर अडवतो. पण घाईत गुणाकाराला कंस घालून बाहेरून कास्ट केलास, म्हणजे उत्तराचा प्रकार बदललास, तर चूक तीच. आणि डीबग बिल्ड ओव्हरफ्लोला थांबतं, रिलीज बिल्ड मात्र डिफॉल्टने आकडा गुंडाळून पुढे जातं. तो चेक रिलीजमध्येही चालू ठेवायची सेटिंग आहे, ती लाव. कास्ट गुणाकाराच्या आधी, एका गुणकावर. एवढं पाठ कर.

खडकवासला

टेस्टिंगवाल्यांकडून एक. मोठ्या इमेजसाठी मोठी डिस्क लागते असं सांगून सीमेवरच्या टेस्ट टाळल्या जातात. लागत नाही. स्पार्स फाइल करा. ट्रंकेट कमांडने ५ टीबीची फाइल क्षणात होते आणि जागा जवळपास शून्य खाते. मग २ जीबी, ४ जीबी आणि २ टीबी या तिन्ही सीमांच्या अलीकडे-पलीकडे लिहा. २ टीबी अशासाठी की ५१२ बाइटचे सेक्टर ३२ बिटांत मोजले तर तिथे संपतात.

प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक लिहा. सगळे ब्लॉक लिहून झाले की मगच वाचायला सुरुवात करा, आणि वाचा दुसऱ्या प्रोग्रॅमने, आपल्या लायब्ररीने नाही. मुळाकाठांच्या डिस्कवर शून्याव्या ब्लॉकमध्ये शून्याऐवजी भलताच आकडा सापडला असता, पहिल्याच दिवशी.

कोथरूडकर

काल रात्री मी क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनातली ती तपासणी आमच्या कोडवर चालवली, लहान प्रकारात गुणून उत्तर मोठ्या प्रकारात टाकलं की इशारा देणारी. मला वाटायचं, आमच्याकडे सगळं ६४ बिटच आहे. अकरा ठिकाणं निघाली. नऊ ठिकाणी आकडे इतके लहान की काही होणार नाही. दोन खरी आहेत, दोन्ही इमेज मोठी करण्याच्या कोडमध्ये, आणि त्यांतली एक ओळ मीच रिव्ह्यू करून पास केली होती.

सरसकट बंदीला माझा विरोध अजून आहे. सूत्र वाचता आलं पाहिजे, यावरून मी हटत नाही. पण हा इशारा आजपासून आमच्या बिल्डमध्ये एरर म्हणून चालू केलाय. त्या दोन ओळींचे पॅच दुपारी टाकतो. खडकवासला, ब्लॉकमध्ये क्रमांक लिहिण्याची तुमची टेस्ट मी त्याच पॅचसोबत जोडतोय.