पाळीच्या आधी पोट गच्च, पाळी आली की पातळ... कोणाला होते का असं?

संत्री२७:
ताईंनो, विचारायला लाज वाटून राहिली होती पण विचारतेच. पाळीच्या आठेक दिवस आधी पोट साफच होत नाही, संध्याकाळी सलवारची नाडी सैल करावी लागते, आणि पाळीच्या पहिल्या दिवशी एकदम उलटं, मुरडा येऊन तीन-चारदा जावं लागते. परवा ऑफिसला जाताना मेट्रोतून मधेच सीताबर्डीला उतरून टॉयलेट शोधत पळाली. आई म्हणते तर्री पोहे बंद कर, पण महिनाभर खाते तेव्हा काहीच होत नाही ना. पाळीमुळेच आहे का हे?

धरमपेठची ताई:
हो गं, पाळीमुळेच. मी नर्स आहे, रोज ऐकते हे. पाळीच्या साधारण १४ दिवस आधी अंडं सुटते, मग प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढते, त्यानं आतड्याचे स्नायू ढिले पडतात, मल हळू सरकते, त्यातलं पाणी शोषलं जाते न खडा होतो. पाळी येताना ते हार्मोन झपकन उतरते आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतात. त्यांचं काम गर्भाशय आवळायचं, पण आतडं शेजारीच असल्यानं तेही आवळते. म्हणून कळ आणि जुलाब जोडीनंच येतात. तर्रीला उगाच दोष नको, पण त्या पहिल्या दिवशी मात्र मुगाची खिचडी न ताकच बरं. आधीच्या आठवड्यात पाणी, ज्वारीची भाकर, पालेभाजी, रात्री इसबगोल.

मानेवाडा_आई:
आणि दुखण्याची गोळी घेत असशील तर बघ. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिनच कमी करते म्हणून पुष्कळ जणींना दोन्हीला आराम पडतो, पण मेफेनॅमिक अ‍ॅसिडवाल्या गोळीनं काहींना उलट जुलाब होतात, मला झाले. जेवल्यावरच घे, अल्सर, दमा नाहीतर किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रेशीमबाग३:
एक कळकळीनं सांगते. मला पाळीत संडासला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखं दुखायचं, भिंतीला हात टेकून उठायची. कितीतरी वर्षं सगळे म्हणत राहिले, गॅस आहे. सोनोग्राफीही नॉर्मल आली. शेवटी निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढते तो आजार. तेव्हा तसं दुखलं, किंवा संडासातून रक्त गेलं, तर सहन करत बसू नको गं, स्त्रीरोगतज्ज्ञांना "शौचाच्या वेळी दुखते" असं स्पष्ट सांग, आपण तेवढंच सांगत नाही.

संत्री२७:
तसं दुखत नाही, रक्तही नाही. पण आजपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहून ठेवते, कोणत्या दिवशी काय झालं ते. आईलाही वाचून दाखवलं हे सगळं, ती म्हणे, "मलाही व्हायचं, पण मी कोणाला सांगू?"