योर्डा, अ‍ॅग्रो, ट्रिको: तुम्हाला त्यांची सोबत कशी लागली?

फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाचे तीन व्हिडिओ गेम. ईको (२००१), शॅडो ऑफ द कोलोसस (२००५) आणि द लास्ट गार्डियन (२०१६). तिन्हींत पडके किल्ले, वारा, लांबच लांब मोकळ्या जागा आणि अगदी थोडं बोलणं. आणि तिन्हींत कुणीतरी सोबत असतं. पहिल्यात योर्डा नावाची मुलगी, दुसऱ्यात अ‍ॅग्रो हा घोडा, तिसऱ्यात ट्रिको, म्हणजे पिसं असलेलं, कुत्रा-मांजर-पक्षी यांचं मिळून झालेलं एक अवाढव्य जनावर.

तुम्हाला यांच्यातलं कोण जवळचं वाटलं, कधी वाटलं, किंवा अजिबात का वाटलं नाही, ते लिहा. ग्राफिक्सचं परीक्षण नको, दहापैकी गुण नकोत. शेवट उघड करायला हरकत नाही. ज्यांना खेळायचे आहेत त्यांनी आधी खेळून मग वाचा.

सुरुवात मीच करते.

२००३ साली मामा मस्कतहून सुटीवर आला तेव्हा त्याने पीएस टू, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन टू, आणला. सोबतच्या चार डिस्कमध्ये ईको होता. मी अकरावीत होते, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत टीव्ही रात्री दहानंतरच मोकळा व्हायचा. डोक्यावर शिंगं आहेत म्हणून गावकरी ईको नावाच्या एका मुलाला किल्ल्यात आणून दगडी पेटीत बंद करतात. तो निसटतो आणि त्याला उंच टांगलेल्या पिंजऱ्यात एक पांढरीफटक मुलगी दिसते. पुढचा सगळा गेम त्या दोघांनी तिथून बाहेर पडण्याचा. आर वन बटण दाबलं की तो तिला हाक मारतो, दाबून धरलं की हात धरतो, सोडलं की हात सुटतो. हात धरून पळताना कंट्रोलर मधूनमधून थरथरतो, जणू तिला ओढ बसतेय.

पहिले दोन तास मला ती ओझं वाटली. मग एका दालनात मी तिला खाली ठेवून साखळीवरून वर चढले, कळ फिरवायला. खालून तिला पळवून नेणाऱ्या सावल्या आल्या. मी परत पोचेपर्यंत जमिनीतल्या काळ्या भोकात ती बुडत आली होती. हात धरून वर ओढली. त्यानंतर गरज नसतानाही मी आर वन सोडत नसे. बोट दुखायचं. शेवटाकडे पूल दुभंगतो, ती पलीकडे राहते आणि आपण उडी मारतो, तिथे आपला हात ती पकडते. इतका वेळ ओढून नेलेल्या मुलीने. मी रात्री दीड वाजता उशीत तोंड खुपसून रडले, कारण आई शेजारीच झोपली होती.

आता तुम्ही.

सांगली जिल्हा, शेती आणि दुधाचा धंदा

मी फक्त लास्ट गार्डियन खेळलोय, भाच्याच्या घरी पुण्यात, पाय मोडून दीड महिना पडलो होतो तेव्हा. भाचा म्हणाला, मामा, हे जनावर ऐकत नाही, लोक वैतागतात. मी म्हटलं, बघू की.

पहिल्याच प्रसंगात ट्रिको साखळीला बांधलेला, अंगात भाले घुसलेले. आपण चालवतो ते पोरगं भाला उपसतं आणि तो त्याला उडवून लावतो. बरोबरच आहे. जखमेला हात लावला की कुठलंही जनावर लाथ घालणार. मग खायला पिंप आणून द्यायचं, तर तो नुसता बघत राहतो. भाचा म्हणाला, आता काय करायचं कळत नाही. मी म्हटलं, मागं सर. लांब झाल्यावर खाल्लं त्यानं. आमच्याकडं बाजारातून नवीन खोंड आणलं की पहिले दोन दिवस असंच असतं. समोर उभं राहिलं तर पेंडीला तोंड लावत नाही.

पुढं आपण हुकूम देतो, उडी मार, पुढं चल. तो इकडं तिकडं बघतो, हुंगतो, मग त्याच्या मनानं येतो. भाचा बटणं बडवायचा. बैलाला सारखं हाकारलं की तो बिथरतो, कासरा सारखा हिसडला की उलटा फिरतो. मी एकदा सांगायचो आणि थांबायचो. माझं त्यानं बरंच ऐकलं. लढाई झाल्यावर त्याचं अंग ताठलेलं असतं, तेव्हा पाठीवर चढून मानेजवळ हात फिरवायचा, मग तो शांत होतो. हे ज्यानं केलंय त्यानं जनावर पाळलेलं असणार, किंवा फार जवळून बघितलेलं असणार.

आमचा थोरला खिलार, अठरा वर्षं दावणीला होता. बेंदराला त्याची शिंगं मीच रंगवायचो. तो गेला त्या वर्षी मी गोठ्यात फार जात नव्हतो. या गेममधे शेवटी ट्रिको पोराला गावात परत आणतो, आणि गावकरी त्याच्यावरच भाले घेऊन धावतात. पोराच्या अंगात त्राण नाही, तरी ते हात उचलून त्याला जा म्हणतं. तेवढा एक हुकूम द्यायला माझं बोट उचलत नव्हतं. भाचा म्हणाला, मामा, दाबा. मी कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

पुणे, शिक्षिका

मी वेगळं मत मांडते. मला योर्डाचा राग यायचा, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. मुलगी किल्ल्याच्या राणीची, दगडी मूर्तींचे दरवाजे तिच्या अंगातल्या प्रकाशाने उघडतात, आणि तरी तिला प्रत्येक पायरीवर एका मुलाने हात द्यायचा. सावल्या येतात तेव्हा ती स्वतःसाठी काहीच करत नाही.

२०११ साली दोन्ही जुने गेम पीएस थ्रीवर नव्याने आले. त्यात ईको एकदा पूर्ण केल्यावर दुसऱ्या खेपेला दोघांनी खेळता येतो, दुसरा खेळाडू योर्डा होतो. अमेरिकेत निघालेल्या मूळ आवृत्तीत ही सोय नव्हती. मी आणि धाकट्या बहिणीने खेळून बघितलं. ती योर्डा. अर्ध्या तासात ती चिडली, म्हणाली, ताई, तू पुढे पळतेस आणि मी इथे दचकत उभी. खरंच मी पुढे पळत होते. मग ती मुद्दाम कबुतरांच्या मागे जाऊ लागली, मला परत यायला लावू लागली. गंमत म्हणजे एकटीने खेळतानाही योर्डा हेच करते, पक्ष्यांकडे बघत राहते. मी तोवर लक्षच दिलं नव्हतं.

त्याच दुसऱ्या खेपेला तिचं बोलणंही वाचता येतं. पहिल्या वेळी तिच्या वाक्यांखाली फक्त चित्रलिपीसारख्या खुणा असतात. ती बोलत होती, मला कळत नव्हतं. राग कमी झाला तो इथे. गेमने तिला अधिक काही करू द्यायला हवं होतं, यावर मात्र मी ठाम आहे.

ठाणे

अ‍ॅग्रो. शेवटच्या, म्हणजे सोळाव्या कोलोससकडे (गेममध्ये ज्यांच्याशी लढायचं त्या अवाढव्य राक्षसांपैकी एकाकडे) जाताना पूल कोसळतो, अ‍ॅग्रो मला पलीकडे फेकतो आणि स्वतः दरीत जातो. पुढचा रस्ता पायी. मी हाकेचं बटण दाबत राहिलो. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

मुंबई, अ‍ॅनिमेशनमध्ये काम

वरच्या ठाणेकरांना जे झालं त्याची तयारी गेमने सुरुवातीपासून केलेली असते, आणि ती कशी केली हे मला कामामुळे दिसतं.

बहुतेक गेममध्ये घोडा म्हणजे चार पायांची मोटारसायकल असते. कंट्रोलरचा दांडा वळवला की त्याच क्षणी वळतो. अ‍ॅग्रो वळायला वेळ घेतो, कड्यापाशी आपोआप थांबतो, अरुंद वाटेवर लगाम सोडला तरी वाट सोडत नाही. तुम्ही धनुष्य ताणता तेव्हा दिशा तोच सांभाळतो. वाळूतून पाठलाग करणारा तो दहावा कोलोसस आठवा. तुम्ही मागे वळून त्याच्या डोळ्यांवर नेम धरता आणि पुढचं सगळं घोड्यावर सोडून देता. तेराव्या वेळी वाळवंटात उडणाऱ्या राक्षसाच्या पंखाला भरधाव अ‍ॅग्रोच्या पाठीवरूनच झेप घ्यायची असते. म्हणजे विश्वास ठेवल्याशिवाय गेम पुढेच सरकत नाही. लोक म्हणतात कंट्रोल खराब आहेत. मला ते खराब वाटत नाहीत, ते दोघांचे आहेत असं वाटतं.

उएदा चित्रकलेचे विद्यार्थी, ओसाकाच्या कला विद्यापीठातले, आणि या क्षेत्रात आले ते अ‍ॅनिमेटर म्हणून. ईकोमधल्या हालचाली नटांच्या अंगावर खुणा लावून टिपलेल्या नाहीत, हाताने एकेक पोज बसवून केल्या आहेत. योर्डाचा हात ओढला की आधी खांदा जातो, मग मान, मग पाय लडखडतात. शिकत असताना मी तो एक पळण्याचा तुकडा थांबवून थांबवून किती वेळा पाहिला असेल. त्यांची पद्धत वजाबाकीची. ईकोच्या पडद्यावर जीव दाखवणारी पट्टी नाही, नकाशा नाही, गुण नाहीत. बघायला उरते ती फक्त ती मुलगी.

ईको फार विकला गेला नाही, पण ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांच्यात पुढे डार्क सोल्स हा गेम करणारे हिदेताका मियाझाकी होते. मित्राने सांगितलं म्हणून त्यांनी ईको खेळला आणि असलेली नोकरी सोडून ते गेम करायला आले.

नागपूर

माझा विरोधी सूर चालेल ना? लास्ट गार्डियन मी चार तासांत सोडला. कॅमेरा भिंतीत घुसतो, ट्रिकोच्या पोटाखाली पिसांशिवाय काही दिसत नाही, एका कठड्यावर त्याने उडी मारावी म्हणून मी वीस मिनिटं उभा होतो. २००९ मध्ये जाहीर झालेला गेम २०१६ च्या डिसेंबरात आला. पीएस थ्रीसाठी ठरलेला, आला पीएस फोरवर. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला हे मिळावं याचं खरंच वाईट वाटलं. मला ट्रिको आवडायला हवा होता.

(चालेल, अगदी चालेल. कॅमेऱ्याबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. त्या कठड्यावर सांगलीच्या दादांचा उपाय करून बघा, एकदा सांगून थांबण्याचा.)

लातूर, कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवतो

सुटीत घरी न जाणारी चार-पाच मुलं असतात. त्यांच्यासाठी मी माझा जुना पीएस टू वसतिगृहात नेला होता. बहुतेक गेम मुलांना अर्धेच कळायचे, कारण पात्रं बोलत राहतात आणि इंग्रजी अक्षरं भराभर निघून जातात. ईको लावला तेव्हा पंधरा वर्षांच्या एका मुलाने मला खुणेने विचारलं, ही काय म्हणते? मी सांगितलं, मलाही माहीत नाही, तिची भाषा कुणालाच येत नाही. त्याने पुन्हा विचारलं, त्या शिंगवाल्यालाही नाही? नाही. तो जो हसला! त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा पडद्यापुढे बसलेले सगळे सारखेच होते.

मग त्याने जे शोधलं ते मला इतक्या वेळा खेळून जाणवलं नव्हतं. सावल्या आल्याचे, पंखांचे आवाज त्याला ऐकू येत नव्हते, म्हणून तो कंट्रोलरच्या थरथरीवर चालायचा. हात धरलाय की सुटलाय हे त्याला पडद्याकडे न बघता तळव्यात कळायचं. खोलीतल्या बाकीच्यांना ते कळावं म्हणून तो एक हात शेजारच्याच्या हाताखाली धरायला द्यायचा. एक कंट्रोलर आणि त्यावर तिघांचे हात, अशी ती मुलं बसायची. दगडी बाकावर दोघं बसून गेम सेव्ह होतो आणि योर्डाची मान हळूच ईकोकडे कलते, तिथे ती मुलंही एकमेकांवर रेलायची.

शाळेत बोट दाखवणं, खांद्यावर थाप मारणं, मनगट धरून ओढणं यावरच आमचा दिवस चालतो. योर्डाही कधीकधी अडलेल्या जागी बोट दाखवते. मुलांना ते सर्वांत आधी दिसायचं, मला उशिरा.

डुसेलडोर्फ, मूळची रत्नागिरीची

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही ट्रिको एकत्र खेळलो. बटणं मी दाबायची, निर्णय त्याचे. प्रत्येक लढाईनंतर तो मला पुढे जाऊ द्यायचा नाही. "आई, अजून एक भाला राहिलाय, मागच्या पायाशी." सगळे काढून झाल्यावर पिसांवरचं रक्त जाईपर्यंत हात फिरवायला लावायचा. गेम म्हणत नाही की हे केलंच पाहिजे. आमचा गेम त्यामुळे दुप्पट लांबला.

काचेच्या रंगीत डोळ्यांना ट्रिको घाबरतो, पुढे पाऊल टाकत नाही. मुलाला तेव्हा पोहण्याच्या वर्गाची धास्ती होती, पाण्यात उतरायचा नाही. त्याने ट्रिकोला मराठीत समजावलं, घरी मी त्याला समजावते त्याच शब्दांत: "थांब हं, मी आधी जाऊन बघून येतो." मी गप्प बसले. पुढच्या आठवड्यात तो लगेच पाण्यात उतरला वगैरे काही नाही, त्याला आणखी वर्ष लागलं.

सगळ्यात शेवटी, नावं सरकून गेल्यावर, अंधाऱ्या गुहेत दोन डोळे चमकतात आणि शेजारी आणखी दोन, छोटे. तो ओरडला, "बाळ!" आणि धावत आजीला फोन लावायला गेला. रत्नागिरीत तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आजीने उठून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाळ काय खातं?

ठाणे, पुन्हा मीच

सगळ्यांचं वाचून काल तो शेवट परत पाहिला. अ‍ॅग्रो लंगडत देवळात परत येतो हे मी विसरूनच गेलो होतो. मागचा पाय मोडलेला, तरी येतो. माझ्या डोक्यात इतकी वर्षं तो दरीतच होता. आता २०१८ चा नवा अवतार घेतलाय, पहिल्यापासून सुरू करतो. मुंबईच्या मित्रांना एक विचारायचं होतं: उगाच, काही कारण नसताना, त्याला थोपटता येतं का?

मुंबई, अ‍ॅनिमेशनवाला

येतं. घोड्यावरून उतरा, मानेजवळ उभे राहा, कोलोससला धरताना जे बटण दाबता तेच दाबा.