जुन्या सीजे-३बी जीपला पॉवर ब्रेक बसवायचेत (डिझेल इंजिन, सातारा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्रा सीजे-३बी. वडिलांनी घेतली तेव्हाच मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन जाऊन एमएम ५४० (महिंद्राचीच दुसरी जीप) चं प्यूजो एक्सडीपी ४.९० (२११२ सीसी) डिझेल बसलेलं होतं, आरसीवर तशी नोंद आहे. ब्रेकचं सगळं मात्र जुनंच. चारही चाकांना ड्रम, पेडल पत्र्यातून खाली गेलेलं, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) पायाखाली चासीला, चारही चाकांची मिळून एकच लाइन. बूस्टर (व्हॅक्युमच्या ओढीने पायाच्या जोराला मदत करणारा डबा) नाही.

गाडी रोजच्या कामाची आहे. बामणोलीच्या अंगाला शेत आहे, त्यामुळे यवतेश्वर, कास करत खाली उतरणं नेहमीचंच. कधी खताची पोती, कधी माणसं. कासवरून बामणोलीकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्येही पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागतं. त्यात फुलांच्या दिवसात पर्यटकांच्या गाड्या वळणावरच थांबतात. वडिलांचा गुडघा आता साथ देत नाही, आणि धाकटी बहीण ही गाडी चालवायला लागली आहे. तिने सगळा जोर लावला तरी पेडल हवं तेवढं दबत नाही. म्हणून हे काम या उन्हाळ्यात करायचंच आहे.

ब्रेक खराब नाहीत, हे आधीच सांगतो. लायनिंग नवीन आहे, व्हील सिलेंडरचे किट बदललेत, ड्रम लेथवर साफ करून घेतलेत, हवा नीट काढली आहे. गाडी एका बाजूला ओढत नाही. थांबते, पण पाय भरून येतो.

इथल्या मिस्त्रींकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं. एक म्हणतात, बोलेरोचा बूस्टर आणि मास्टर आणा, पेडलही वरून लटकणारं करू, म्हणजे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कापायची. दुसरे म्हणतात, पेडल तसंच ठेवा, चासीला ब्रॅकेट वेल्ड करून बूस्टर खालीच बसवू. तिसरा मार्ग लाइनमध्ये बसणाऱ्या रिमोट बूस्टरचा, त्यात पेडलला हातच लावायचा नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल असतो, म्हणून मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) बूस्टरला व्हॅक्युम मिळतो. डिझेलला तो मिळत नाही, वेगळा पंप लागतो, तो बऱ्याचदा अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. मग उतारावर इंजिन बंद पडलं, किंवा अल्टरनेटरचा बेल्ट तुटला, तर काय? आज ब्रेक जड आहेत, पण इंजिन चालू असो वा बंद, सारखेच लागतात. हा भरवसा मला गमवायचा नाही. ज्यांनी हे काम स्वतःच्या गाडीवर केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

दादा, काळजी रास्त आहे. आधी तिचंच बोलू.

बूस्टर फक्त तुमच्या पायाच्या जोरात भर घालतो. व्हॅक्युम गेला तरी पेडलचा दांडा बूस्टरमधून थेट मास्टरला ढकलतो, ब्रेक लागतातच, फक्त जड होतात. बूस्टरच्या नळीला वन-वे व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे इंजिन बंद पडल्यावरही एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक राहते. वेगळी व्हॅक्युम टाकी लावली की आणखी थोडी. घाटाच्या गाडीला ती लावाच.

पंपासाठी सोपा मार्ग म्हणजे मागे व्हॅक्युम पंप असलेला अल्टरनेटर. त्याला इंजिन ऑइलची एक लाइन जाते आणि तेल मोठ्या नळीने संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) परत येतं. ही परतीची नळी सतत उताराने यायला हवी, कुठे वर चढली तर पंपात तेल तुंबतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. बूस्टरपेक्षा टँडम मास्टर (दोन लाइनींना वेगवेगळा दाब देणारा मास्टर सिलेंडर) महत्त्वाचा. तुमच्या गाडीला आज कुठेही एक पाइप फुटला तर चारही चाकं एकदम जातात. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमागच्या) ड्रमवर आहे, तो भर उतारावर पळती गाडी थांबवायला नाही. तेव्हा कुठलाही मार्ग घ्या, पुढची आणि मागची लाइन वेगळी करून घ्या. रिमोट बूस्टर मी म्हणूनच सुचवणार नाही, एका युनिटमध्ये एकच लाइन जाते.

मास्टरचा बोअर (आतला व्यास) मोठा घेतला की पेडल कमी खाली जातं पण जड होतं, हे मिस्त्रींना आठवण करून द्या. शिवाय बूस्टर नसलेल्या गाडीचं पेडल लिव्हरेज (पेडल पायाचा जोर किती पट करतं ते) साधारण ६:१ असतं, बूस्टरवाल्याचं ४:१ च्या आसपास. जुनं पेडल तसंच ठेवून पुढे बूस्टर लावला तर पेडल खूप खाली जाईल आणि ब्रेक नुसता स्पर्श केला तरी चिकटेल. ओल्या लाल मातीत ते बरं नाही. बहिणीला रिकाम्या मैदानात आधी सराव करू द्या.

आणि पॉवर ब्रेक लागले म्हणून ड्रम कमी तापत नाहीत. उतरायचं ते खालच्या गिअरमध्येच.

काम झालं की तपासायचं असं: इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चालतोय.

मी असतो तर बूस्टर चासीला खालीच बसवला असता, फायरवॉल कापली नसती. पण तिथे चिखलपाणी उडतं आणि बूस्टर मागून हवा ओढतो, त्यामुळे खालून जाड पत्र्याचं कव्हर हवं. सायलेन्सरच्या पाइपपासून किती जागा आहे?

धागाकर्ता

मनापासून आभार. टँडमचं पटलं, ते आता नक्की. आजच गाडीखाली झोपून मोजलं. चासी आणि पाइप यांच्यात साडेआठ इंच मिळतात, म्हणजे नेहमीचा मोठा बूस्टर पाइपाला चिकटेल. लहान व्यासाचा, दोन डायफ्रामचा (आतल्या रबरी पडद्यांचा) बूस्टर आपल्याकडच्या कुठल्या गाडीचा बसेल? की पाइपच वळवून घेऊ?