काचबिंदूचा उपचार ठरवताना चिनी रुग्णाला बोलतं कसं करायचं? (ग्वांगचौ)

कोनमापक

नमस्कार मंडळी. ग्वांगचौमधल्या एका नेत्रविभागासाठी काचबिंदूच्या रुग्णांना द्यायचं निर्णयपत्रक, म्हणजे पर्याय समजावून निवडीला मदत करणारा कागद, तयार होतंय. मजकूर मँडरिनमध्ये, एकच ए-४ कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. रुग्ण बहुतेक पन्नाशीपुढचे, त्यात बायका जास्त. कोन, म्हणजे बुबुळाच्या कडेची डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा, अरुंद असलेले किंवा बंद होत आलेले. लेसर, थेंब, डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढणं, ट्रॅबेक्युलेक्टॉमी (पाणी बाहेर जायला नवी वाट करायची शस्त्रक्रिया) असे चारही पर्याय एका तक्त्यात मांडले आहेत.

अडचण अशी की रुग्ण कागद वाचतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "थिंग यीशंग द", म्हणजे डॉक्टर सांगतील तसं. प्रश्न विचारते ती सोबत आलेली मुलगी किंवा सून. संमतीपत्रावर सहीसुद्धा बऱ्याचदा तिचीच. रुग्णाचं स्वतःचं मत निघावं यासाठी कागदात काय बदलावं, आणि तो कधी हातात द्यावा?

दृष्टिक्षेत्र

आधी तो चार पर्यायांचा तक्ता मोडा. एकाच रुग्णापुढे हे चारही पर्याय खरे सहसा नसतात. नुसता अरुंद कोन, डोळ्यातला दाब आणि दृष्टीची नस दोन्ही ठीक: हा एक कागद. कोन बंद झालाय, दाब चढलाय: दुसरा. नसेला इजा झाली आहे: तिसरा. गोनिओस्कोपी (कोन बघायची तपासणी) झाल्यावर त्यातला एकच हातात द्यायचा. नुसता अरुंद कोन असलेल्या बाईला ट्रॅबेक्युलेक्टॉमीचा रकाना दिसला की ती घाबरते आणि "डॉक्टर सांगतील तसं" म्हणून मोकळी होते.

पहिल्या कागदासाठी आकडे तिथलेच आहेत. ग्वांगचौच्या चोंगशान नेत्रकेंद्राची झॅप चाचणी २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन्ही डोळ्यांचे कोन अरुंद असलेले ५० ते ७० वयाचे ८८९ जण, प्रत्येकाच्या एकाच डोळ्याच्या बुबुळाला लेसरनं छिद्र, दुसरा डोळा तसाच, पाठपुरावा सहा वर्षांचा. लेसर न केलेल्या डोळ्यांपैकी ३६ बिघडले, केलेल्यांपैकी १९. "धोका निम्मा होतो" असं लिहिलंत तर बहुतेक सगळे लेसर मागतील. तेच असं लिहा: "तुमच्यासारख्या १०० जणांनी काहीच केलं नाही, तर सहा वर्षांत सुमारे ९६ जणांच्या डोळ्याला काही होत नाही, लेसर केलं तर सुमारे ९८ जणांच्या." शंभर ठिपक्यांची दोन चित्रं शेजारी शेजारी, मापात आणि रंगात सारखी. "बिघडले" म्हणजे काय तेही लिहा, कारण त्यात बुबुळ कोनाला चिकटणं हेच जास्त होतं. एकदम दाब चढून दुखण्याचे झटके फार थोडे. आणि हे लोक वस्तीतल्या तपासणीतून निवडलेले होते. ज्यांना डोळा दुखण्याचा, दिव्याभोवती रंगीत कडी दिसण्याचा त्रास आहे किंवा ज्यांना दवाखाना लांब पडतो, त्यांना हा आकडा जसाच्या तसा लावू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर भिंग काढण्याचा पर्याय हवाच. २०१६ च्या ईगल चाचणीत चीनमधले रुग्णही होते. एकूण ४१९ जण, वय पन्नाशीपुढचं, मोतीबिंदू नसलेले. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना दाबासाठी आणखी कुठलाच उपचार लागला नव्हता. लेसर आणि थेंबांच्या गटात असे सुमारे २१ टक्के. पण त्या चाचणीत सगळे जण घेतले नव्हते: एक तर काचबिंदू झालेला, नाहीतर कोन बंद होऊन दाब ३० मिमी पारा किंवा जास्त. ही अट कागदावर छापा, नाहीतर २४ दाबाचा माणूसही चांगलं भिंग काढून मागेल. उथळ, लहान डोळ्यात ही शस्त्रक्रिया नेहमीच्या मोतीबिंदूपेक्षा अवघड असते, तेही लिहा.

झटका आला असेल तेव्हा मात्र यातलं काही नको. त्या वेळी काही तासांत दाब उतरवणं महत्त्वाचं. निवडीचं बोलणं दुसऱ्या डोळ्याबद्दल, नंतर.

पर्ल_नदीकाठ

भाषेबद्दल. मोतीबिंदूला "पाय-नेय-चांग" आणि काचबिंदूला "छिंग-ग्वांग-येन". नावं वेगळी असली तरी "डोळ्याचं ऑपरेशन" म्हटलं की शेजारणीला ऑपरेशननंतर लख्ख दिसायला लागलं, तेच डोक्यात असतं. म्हणून कागदाची पहिली ओळ हीच हवी: "गेलेली नजर परत येत नाही, उपचार उरलेली राखण्यासाठी आहे." ही ओळ खाली कुठेतरी पडली, तर शस्त्रक्रियेनंतर घरचे म्हणतात की बिघडवलं, आणि रुग्ण थेंब सोडतो.

"समजलं का?" कधीच विचारू नका. उत्तर "तोंग ल", समजलं, हेच येणार. डॉक्टरांपुढे नाही समजलं म्हणणं म्हणजे त्यांना कमीपणा आणल्यासारखं वाटतं. त्याऐवजी विचारा, "आज रात्री मुलाचा वीचॅटवर फोन आला तर त्याला काय सांगाल?" इथे माणूस खरंच सांगायला लागतो, आणि काय उलटं समजलंय ते लगेच कळतं. काही ज्येष्ठ मंडळी मँडरिनपेक्षा कँटनीजमध्ये मोकळी होतात. लिपी वाचता येते म्हणून बोलणं मँडरिनमध्येच उरकू नका.

रागाचा विषय टाळू नका. पारंपरिक चिनी वैद्यकात यकृताचं द्वार डोळ्यात उघडतं असं मानतात. राग म्हणजे यकृताचा अग्नी. "मी चिडणं सोडलंय, शेवंतीचा चहा घेते, मग लेसर कशाला?" हे उत्तर त्यातून येतं. खोडून काढलंत की बोलणं संपतं. "चहा घ्या, पण चहानं कोन उघडत नाही" एवढं म्हणा आणि पुढे विचारा की काढा कुठला घेता. काढ्यात मा-ह्वांग ही वनस्पती असेल तर त्यातल्या एफेड्रिननं बाहुली मोठी होते, आणि अरुंद कोनाच्या डोळ्याला ते घातक ठरू शकतं.

आता सही. २०२१ पासून लागू असलेल्या चिनी नागरी संहितेच्या १२१९ व्या कलमाप्रमाणे धोके आणि दुसरे पर्याय रुग्णालाच सांगून त्याची स्पष्ट संमती घ्यायची असते. नातेवाइकांकडे वळायचं ते रुग्णाला सांगणं शक्य किंवा योग्य नसेल तेव्हाच. चालताबोलता रुग्ण त्यात बसत नाही. मुलीला बाहेर काढू नका, ते तुटक वाटतं आणि घरी गेल्यावर निर्णय तीच फिरवते. खुर्च्या बदला: रुग्ण डॉक्टरांसमोर, मुलगी बाजूला. पहिले दोन प्रश्न रुग्णालाच, नावानं हाक मारून, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

कोनमापक

तीन कागद करतो. पण ओपीडीत डॉक्टरांकडे काही मिनिटंच असतात. सध्या लेसरआधी पायलोकार्पिन (बाहुली लहान करणारे थेंब) घालून बसवतो तेव्हा कागद देतोय.

दृष्टिक्षेत्र

तीच चूक आहे. पायलोकार्पिन पडलं म्हणजे लेसर ठरलंच. त्यानंतर दिलेला कागद नुसती औपचारिकता. बाहुली मोठी करण्याच्या वेळेचा भरवसाही धरू नका, या रुग्णांत ती सहसा करतच नाहीत. फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजायची तपासणी) झाली की डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत नर्स किंवा ऑप्टोमेट्रिस्टनं दहा मिनिटं बसावं. झटका नसलेल्या बहुतेकांना आठवडाभर विचार करून येता येतं. ही मुभा कागदावर ठळक छापा.

आकडेमोड

मोजणीबद्दल एकच. निर्णयद्वंद्वाची, म्हणजे निर्णय घेताना माणूस किती गोंधळलाय ते मोजणारी, सोळा प्रश्नांची मोजपट्टी वापरणार असाल तर गुण ० ते १००; २५ च्या खाली ठीक, ३७.५ च्या वर म्हणजे माणूस अडकलाय. उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर ती भरून घेऊ नका, भिडेपोटी सगळीकडे "पूर्ण सहमत" येतं. संमतीनं थोड्या भेटींचं ध्वनिमुद्रण करा आणि रुग्णानं स्वतः किती प्रश्न विचारले ते मोजा.

पर्ल_नदीकाठ

एक रकाना राहिला, तो कोरा ठेवा: "घर कुठे, विमा कुठला, सोबत कोण." ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतर पहिले काही आठवडे टाके सैल करायला, दाब बघायला पुन्हा पुन्हा यावं लागतं. दुसऱ्या प्रांतातून आलेल्याला तेवढे दिवस खोली घेऊन राहायचं असतं, आणि नातवाला सांभाळणारी आजी ते कबूल करत नाही, नुसती "हो" म्हणते. दाखल झाल्यावरचा आणि ओपीडीतल्या थेंबांचा परतावा सारखा नसतो. दीर्घ आजारांच्या ओपीडी यादीत काचबिंदू आहे की नाही ते शहरागणिक बदलतं. परप्रांतीय असेल तर गावाकडच्या विमा कार्यालयात आधी नोंद केली आहे का, तेही पाहा. हा रकाना रुग्णासमोर पेनानं भरा, आणि थेंबांचा खर्च महिन्याचा नाही, वर्षाचा लिहा. बरेच रुग्ण पहिल्यांदा तोंड उघडतात ते इथेच.