इंजिनाआधी चासी बघा
तुमची १३ वर्षांची डिझेल एसयूव्ही मोठा खर्च करून दुरुस्त करायची की काढून टाकायची, हा तुमचा प्रश्न. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाका, हा हिशेब मला पटत नाही. १३ वर्षांच्या डिझेल एसयूव्हीला भाव येणार तो कितीसा? दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या गाडीच्या हप्त्यांशी करा.

पण टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाला) हात लावण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघा. आमची गाडी रत्नागिरीत, समुद्राजवळ. क्लच, टर्बो सगळं नवं करायचं ठरलं होतं. मिस्त्रींनी मागच्या सस्पेन्शनजवळ स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो आरपार! इंजिन पुन्हा बांधता येतं, पण गंजलेल्या चासीवर घरच्यांना बसवायला मन धजेना. विकली. शिवाय १५ वर्षं झाली की फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आला, नोंदणीही ५ वर्षांचीच मिळते. तुमची दोनच वर्षं उरलीत.