चित्रकादंबरीचा प्रयोग आणि प्रदर्शन: पानं पडद्यावर जशीच्या तशी दाखवावीत का?

मुठाकाठ
पानशेतच्या पुरावरची माझी चित्रकादंबरी पूर्ण झाली. १२ जुलै १९६१ चा तो एकच दिवस, नारायण पेठेतल्या एका वाड्यातून पाहिलेला. ११२ पानं, काळी शाई, पाण्यासाठी पातळ वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा थर), बाकी रंग नाही. पुण्यातल्या एका लहान कलादालनात आठवडाभर मूळ पानं लावायची आणि शेवटच्या संध्याकाळी सारंगी, पखवाज आणि एक गायिका घेऊन तासाभराचा प्रयोग करायचा, असं ठरतंय. पानं क्रमाने पडद्यावर आणि सोबत संगीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गायिका म्हणते, "मग मी कशाला? लोक संवादांचे फुगे वाचत बसतील." तुमचं काय मत?

पडद्यामागे
गायिकेचं म्हणणं मनावर घ्या. अख्खं पान पडद्यावर आलं की प्रेक्षक खालच्या चौकटीपर्यंत वाचून मोकळा होतो, आणि तुमचा पखवाज अजून वरच्या चौकटीतच असतो. पुढचं सगळं संगीत मग मागून येतं. पुस्तकात पान कधी उलटायचं ते वाचक ठरवतो. प्रयोगात तो हक्क गाणाऱ्याकडे जायला हवा.

हे आपल्याकडे फार जुनं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एक चित्र समोर धरतात, वीणा, टाळ आणि हुडुक या लहान चर्मवाद्याच्या साथीने त्या प्रसंगाचं गाणं-निरूपण करतात, आणि प्रसंग संपला की मगच चित्र बदलतं. चित्रावर एक अक्षर नसतं. बोलायचं ते गाणारा बोलतो. ही कला आणि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रयोग बसवण्याआधी पिंगुळीला जाऊन एक आख्यान समोर बसून ऐका. यूट्यूबवर त्यातली थांबायची जागा कळत नाही.

म्हणून फुगे काढा. तुमच्या ११२ पानांतून चाळीसेक चौकटी निवडा आणि एकेक मोठी करून दाखवा. संवाद गायिकेला द्या, काही नुसते बोलायला, काही गायला. वेळ बांधलेला व्हिडिओ मात्र करू नका. एक माणूस लॅपटॉप घेऊन वादकांच्या शेजारी बसवा, तो गायिकेच्या श्वासावर चित्र बदलेल. तालमीला तो पहिल्या दिवसापासून हवा.

आता उजेड. प्रोजेक्टरला खरा काळा दाखवता येत नाही, तो राखाडी दिसतो. त्यात वादकांवरचा दिवा पडद्यावर सांडला तर तुमचा नाजूक वॉश पूर्ण धुऊन जाईल. वादक पडद्याच्या एका बाजूला, लहान झाकलेले दिवे त्यांच्या स्टँडवर, समोरून काहीही नाही.

परदेशातलं उदाहरण हवं असेल तर डेव्ह मॅक्कीनचं 'ब्लॅक डॉग' बघा. पॉल नॅश या युद्धचित्रकारावरची ही चित्रकादंबरी २०१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त झाली, आणि त्याच वर्षी त्याने ती वादकांबरोबर रंगमंचावर आणली. चित्रकार स्वतः मंचावर होता, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही निवेदन करा.

कागदवाली
मी फक्त दालनाबद्दल लिहिते. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको. कार्बनची काळी शाई टिकते, पण मार्कर वापरला असेल तर तो उडतो, कागदही पिवळा पडतो. माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राला लावायचा पुठ्ठा, आम्लरहित घ्या. जुलैत लावणार असाल तर भिंतीची ओल तपासा, फ्रेम भिंतीला चिकटू देऊ नका.

आणि ११२ पानं लावू नका, कृपा करून. उभं राहून कुणी कादंबरी वाचत नाही. पांढऱ्या रंगाने खोडलेली, पेन्सिलच्या रेषा राहिलेली, चिकटवून बदललेली पानं आधी निवडा, कारण छापलेल्या पुस्तकात हात दिसत नाही, इथे दिसतो. पुस्तक बाकावर ठेवा. गोष्ट बसून वाचू द्या.

मुठाकाठ
चाळीस चौकटी निवडताना जीव जाणार आहे, पण पटलं. एक कल्पना सुचली: पेठांतल्या जुन्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा असायच्या, तशी एक रेघ दालनाच्या चारही भिंतींवर सलग ओढावी आणि पुराची पानं तिच्या खाली लावावीत. वाकून बघावी लागतील. चालेल?

पडद्यामागे
जरूर करा. ही रेघ पुस्तकात शक्यच नव्हती, म्हणून तिला दालनात जागा आहे. फक्त ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी त्या पानांच्या प्रती टेबलावर ठेवा. तो पूर आठवणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत, आणि तीच आधी येतील. प्रयोगातही पाणी चढताना पखवाज वाढवण्याचा मोह होईल. मी असतो तर तिथे पखवाज थांबवला असता आणि सारंगीचा एकच सूर ठेवला असता.

कलम_एकोणीस
संगीतकाराशी लेखी करार आत्ताच करा. कॉपीराइट कायद्यात हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुढे प्रयोग परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात न्यायचा असेल तर दोन्ही नीट लिहा. कुणाचं जुनं गाणं घेणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणारी संस्था) परवानाही बघावा लागेल.